मागे न जाणारी मोटार

खानदेशात जाऊन आलो असं पुण्यात सांगितलं, की लोक लगेच विचारतात, "उन्हाचा त्रास झाला असेल, नाही?" मी भर थंडीत गेलो होतो. घाम फुटला तो उन्हानं नव्हे, एका मोटारीनं फोडला. म्हणून ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी ही हकीकत लिहून ठेवतो. तिच्यात लेणी नाहीत, किल्ले नाहीत. एक उतार आहे, त्यावर उभी असलेली एक गाडी आहे, आणि ती गाडी का हलत नाही यावर मत असलेलं एक अख्खं गाव आहे.

धुळ्याच्या पुढे

रतिलाल पाटील हा माझा कॉलेजातला खोलीसोबती. तापीकाठच्या गुजर पाटलाचा मुलगा, पुढे मुंबईत वकील झाला. वकिली बरी चालली, आणि बरी चाललेल्या माणसाला जे सुचतं ते त्याला सुचलं. तो निवडणुकीला उभा राहिला. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून भाषणं लिहायला मला सोबत घेतलं. शाळेनं रजाही हौसेनं दिली. हेडमास्तरांना माझ्याविना शाळा चालते का ते एकदा पाहायचंच होतं.

आम्ही निघालो ते रतिलालच्या मोटारीतून. एका परदेशी कंपनीचा साहेब मायदेशी परत जाताना ती त्याला विकून गेला होता. रंग पिस्त्यासारखा आणि लांबी एवढी, की आमच्या बोळात ती शिरली असती तर नगरपालिकेला बोळच पाडावा लागला असता. तिचं वैशिष्ट्य म्हणजे तिला क्लच नव्हता. गिअर ती स्वतःच बदलायची. सुकाणूखाली एक दांडा होता आणि त्याच्यापुढे काचेआड पाच इंग्रजी अक्षरं. 'पी'वर दांडा नेला की गाडी जागच्या जागी जखडली, 'एन'वर मोकळी, 'डी'वर पुढे, 'आर'वर मागे. पाचवं अक्षर कशासाठी आहे ते रतिलाललाही ठाऊक नव्हतं, पण उमेदवार असल्यामुळे तो तसं कबूल करीत नव्हता.

चहाला थांबलो की भोवती गर्दी जमे. मग रतिलाल आपला डावा पाय उचलून दाखवी. "हा पाय पाहा. मुंबईपासून याला काडीचं काम नाही."

"सरकारी नोकरीत घे त्याला," मी म्हणालो.

त्या साहेबानं गाडी देताना एक गोष्ट दोनदा बजावली होती. उतारावर गाडी उभी केलीस तर आधी हँडब्रेक लाव, मग 'पी'. रतिलालनं मला हे हसत हसत सांगितलं. "पी असताना हँडब्रेक कशाला? कुलूप लावून वर सुतळी बांधायची?"

मलाही ते पटलं. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे गाडीबद्दलचं सगळंच पटतं.

धुळं मागे पडलं आणि कपाशीची शेतं लागली. नंदुरबारच्या अलीकडे जमीन अचानक लाल झाली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरच्यांच्या पथाऱ्या, म्हणजे ओली मिरची वाळत घातलेली मोठमोठी मैदानं. बायका त्यांतून सहज फिरत होत्या, पायानं मिरची उलटीपालटी करीत होत्या. मी काच खाली केली, "वा, काय दृश्य!" म्हणायला तोंड उघडलं, आणि पुढचा अर्धा तास शिंकत होतो. रतिलाल म्हणाला, "दृश्य इथं नाकानं पाहतात."

तापीकाठचं गाव

गावाचं नाव सांगत नाही. मला तिथं पुन्हा जेवायला जायचं आहे. नंदुरबारपासून बरंच आत, तापीच्या दक्षिण काठावर ते आहे. पाण्यापलीकडे, जरा वरच्या अंगाला प्रकाशा या तीर्थक्षेत्राच्या देवळांचे कळस दिसतात. अलीकडे केळीच्या बागा, ऊस, आणि ओट्यावर बसून त्या दोन्हींच्या भावाबद्दल हळहळणारी माणसं.

रतिलालच्या घरात गुजरी बोलतात, ओट्यावर आले की अहिराणी, आणि माझ्याकडे तोंड वळलं की पुस्तकातलं मराठी. ते ऐकून आपणच परीक्षा घ्यायला आलो आहोत असं मला वाटे. रतिलालची आई, सगळं गाव तिला माय म्हणतं, ती मात्र माझ्याशीही अहिराणीतच बोलली. तिनं जेवायला कळण्याची भाकरी वाढली. ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाला कळणा म्हणतात. सोबत वांग्याचं भरीत आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या ना" म्हणतात आणि भांडं आत नेतात. इथं विचारतच नाहीत. तिसऱ्या भाकरीला मी ताटावर हात आडवा धरला, तर मायनं भाकरी हातावर ठेवली.

जेवताना निवडणुकीची खरी गोष्ट कळली. या भागात एक बापू होते. वयानं साठीचे, गावागावांत नातं आणि जीप असलेले. प्रत्येक निवडणुकीत ते बिनविरोध निवडून येत. अर्ज भरायचा, देवीला नारळ फोडायचा, की निवडणूक संपली. त्यामुळे मत मागायला त्यांना आजवर कुणाच्याही दारात जावं लागलं नव्हतं. या खेपेला उभा राहणारा दुसरा माणूस एकटा रतिलाल.

माय म्हणाली, "बापू कधी आम्हना दारवर उनात नही. त्यासले एकदाव तरी आठे आण. मंग तू जिंक, नहीते पड."

बापूंना एकदा आपल्या दारात आणायचं, एवढीच तिची अट होती. रतिलालनं भाकरीवर हात ठेवून शब्द दिला. तोपर्यंत मला वाटत होतं की तो आमदारकीसाठी उभा आहे. तो आईसाठी उभा होता, हे पाहून मला त्याच्याबद्दल एकदम माया वाटली आणि मी चौथी भाकरी घेतली.

संध्याकाळी चावडीपुढे सभा झाली. रतिलालनं माझं भाषण वाचलं. त्यातले 'सर्वंकष', 'पुनरुत्थान' वगैरे शब्द माणसांच्या डोक्यावरून गेले, तापी ओलांडून बहुधा प्रकाशाला पोचले. एकच वाक्य लोकांनी उचललं: "रतिलाल पाटलाचं पाऊल पुढेच पडेल. एक पाऊलही मागे नाही!" टाळ्या थांबेनात. ते वाक्य मी शाळेच्या संचलनासाठी लिहिलं होतं, तेच इथं वापरलं. रात्री मी स्वतःवर खूश होऊन झोपलो.

देवीचं टेकाड

दुसरा दिवस अर्ज भरण्याचा शेवटचा. आधी का भरला नाही, असं मी विचारल्यावर रतिलाल म्हणाला, "वकील कधी आधी कागद दाखल करतो का?" दुपारी तीनला नंदुरबारच्या कचेरीचं दार बंद होणार होतं. त्याच्या आत अर्ज गेला नाही तर बापू पुन्हा बिनविरोध, आणि मायचा उंबरा पुन्हा कोरडा.

गावाबाहेर एका टेकाडावर देवी आहे. तिथं दर्शन घेऊन तसंच नंदुरबारला सुटायचं ठरलं. गाडीवाट अरुंद आणि उभी. मोटार धापा टाकत वर गेली, पायऱ्यांपाशी वळवून तोंड उताराकडे केलं. रतिलालनं दांडा 'पी'वर नेला आणि हँडब्रेककडे ढुंकूनही न पाहता खाली उतरला. गाडी बोटभर पुढे सरकली, पोटात कुठंतरी 'कट्' असं वाजलं आणि थांबली.

आम्ही देवळात होतो तेवढ्यात गावानं गाडीचं दर्शन घेतलं. आत जितके मावले तितके बसले, उरलेले बंपरवर चढले. आम्ही बाहेर आलो तेव्हा मागच्या सीटवर एक म्हातारा डुलक्या काढत होता. त्याला उतरवलं. मायनं रतिलालला टिळा लावला, हातावर दही घातलं. मोटारीच्या नाकाडावर झेंडूचा हार चढला. रतिलालनं दही चाटलं, इंजिन चालू केलं, दांड्याला हात घातला.

दांडा हलेना.

त्यानं ब्रेक दाबून ओढला, ब्रेक सोडून ओढला. इंजिन बंद करून ओढला, पुन्हा चालू करून ओढला. हळूच, जणू दुसरीकडेच लक्ष आहे असं दाखवून, अचानक ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला, आणि सुकाणूच निखळून हातात येईल म्हणून मीच त्याला थांबवलं. इंजिन मजेत गुरगुरत होतं. डावा पाय नेहमीप्रमाणे रिकामाच होता.

"गाडीले काय व्हयनं?" गर्दीतून प्रश्न आला, आणि मग उत्तरंही आली. पाणी उपसायच्या इंजिनाचा एक जाणकार पुढे झाला, झाकण उघडून बराच वेळ आत पाहिलं आणि म्हणाला, "तेल नही पोचेल व्हई." त्यानं तेल घातलं. जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं घातलं, त्यात माझ्या धोतराचा सोगाही आला. दांडा हलला नाही.

मग नजर लागल्याचा संशय निघाला. मायनं मीठ-मोहऱ्या आणि मूठभर मिरच्या गाडीवरून उतरवून शेगडीत टाकल्या. नजर लागली असेल तर मिरचीचा ठसका येत नाही, हे परीक्षेचं सूत्र. पण मिरची नंदुरबारची होती. सगळं टेकाड खोकायला लागलं, पुजारी देवळातून बाहेर पळाला. माय डोळे पुसत शास्त्रशुद्ध निष्कर्षावर आली, "नजर नही शे. हाई ते मशीननंच दुखनं शे." तिच्याइतक्या प्रामाणिकपणे आपली शंका मागे घेणारा माणूस मी शिक्षणखात्यात अजून पाहिलेला नाही.

खोकता खोकता मला त्या साहेबाचा हँडब्रेक आठवला. मी रतिलालला म्हणालो, "अरे, तो साहेब उगीच बोलला नसेल. 'पी'वर आत नेमकं काय होतं?"

रतिलालचा चेहरा उतरला. आत एका दातेरी चाकात लोखंडी खुंटी अडकते, हे त्याला साहेबानं चित्र काढून दाखवलं होतं. हँडब्रेक लावला नाही, तर उतारावर गाडीचं सगळं ओझं त्या खुंटीवर. वर गाव बसलं तेव्हा ती आणखी रुतली. दार कुणी बाहेरून रेटून धरलं असेल तर कडी निघत नाही, दार आधी जरा आत घ्यावं लागतं. इथंही तेच. गाडी चार बोटं मागे, चढाकडे ढकलायची, म्हणजे खुंटी सैल होईल आणि दांडा निघेल.

इतकं सोपं! मी पायरीवर उभा राहिलो आणि वर्गात समजावतो तसं सगळ्यांना समजावलं, कडीसकट. सगळ्यांना पटलं. माना हलल्या. मी म्हणालो, "तर मग चला, सगळे पुढच्या बाजूला या आणि मागे ढकला."

एकही माणूस जागचा हलला नाही.

रतिलालच्या बाजूचा म्होरक्या उखाभाऊ. त्यानं मला बाजूला घेतलं. "मास्तर, तुम्हनं बरोबर शे. पन दही हातवर पडी गयं. आते मांगे जाता येत नही."

त्या गावात कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही पडलं, की तो काही विसरला तरी परत फिरत नाही. घरी विसरलेली टोपीसुद्धा दुसऱ्या कुणी आणून द्यायची. आणि हा तर उमेदवार!

"चारच बोटं रे," मी म्हणालो.

"चार बोटं का व्हयेना, मांगे ते मांगेच. आनि कालदिन वकीलसाहेब काय बोलनात? एक पाऊल मांगे नही! बठ्ठा गावनी आयकं."

ते वाक्य कुणी लिहिलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मीही तो विषय वाढवला नाही.

मी रतिलालकडे वळलो. "अरे, तू तरी सांग यांना. तू कायदा शिकलेला माणूस."

"सांगतो," तो म्हणाला. मग लोकांकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी आला. "नको. मतं जातील."

"अरे, अर्जच गेला नाही तर मतं कशी जातील?"

वकील असल्यामुळे त्यानं हा प्रश्न पुढच्या तारखेवर ढकलला. दुसरं वाहन मिळेना. एस.टी. सकाळीच गेली होती. बैलगाडी तीनपर्यंत अर्ध्या वाटेवर पोचती. गावात सायकल एकच, पोस्टमनची, आणि रतिलालला सायकल येत नव्हती. शेवटी मी एकटाच पुढे जाऊन गाडीच्या पिस्तारंगी नाकाडाला खांदा लावला. गाडी हलली नाही. माझी चप्पल हलली, आणि मी झेंडूच्या हारासकट खाली बसलो.

तेव्हा उखाभाऊनं तोडगा काढला. मागे नाही तर पुढे. चार बैलजोड्या आणल्या, पुढच्या बंपरला दोर बांधले, रतिलालला इंजिन चालू करून सुकाणूवर बसवलं, आणि हाकारे देत गाडी उताराकडे ओढली. मागची चाकं जखडलेली. ती फिरली नाहीत, नुसती घासत गेली. वाटेवर दोन खोल चऱ्या पडल्या आणि मोटार आधीपेक्षाही उभ्या उतारावर, वाटेच्या अगदी मधोमध जाऊन थांबली. खुंटी आता आणखी रुतली. दोर सोडून बैल बाजूला नेले आणि त्यांच्या पाठीवर गुलाल पडला, कारण गाडी पुढे तर गेली होती.

एवढ्यात खालून जीप आली. बापू अर्ज भरून देवीला नारळ फोडायला आले होते. वाट अडलेली. बापू खाली उतरले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, चेहऱ्यावर शांत समाधान. त्यांनी चऱ्यांकडे पाहिलं.

"वकीलसाहेब, शेती कराले लागनात का? नांगर ते बेस चालस."

त्यांची माणसं पोट धरून हसली. मग त्यांना हार दिसला, दह्याचा द्रोण दिसला, आणि काय झालंय ते ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. तीही याच मुलखातली. उमेदवाराची गाडी, दही पडल्यावर, देवीसमोर, मागे ढकलायची! असा योग त्यांच्या जन्मात पुन्हा येणार नव्हता.

"ढकला रे वकीलले मांगे!" त्यांच्यातला एकजण ओरडला.

डझनभर गडी मोटारीच्या नाकाडाला भिडले. आमची माणसं किंचाळली, "मांगे नका ढकलू रे! पाप लागी!" आणि मागच्या बंपरला लटकून गाडी पुढे लोटू लागली. वाद असा तत्त्वाचा झाला. मी तोंड उघडलं होतं, पण आयुष्यात प्रथमच ते वेळेवर मिटलं. धावत खिडकीशी गेलो आणि एवढंच म्हणालो, "रत्या, दांडा ओढून धर, आणि सुटला की लगेच ब्रेक दाब."

बापूंचे गडी जोरदार होते. त्यांना केळीचे घड उचलायची सवय. गाडी कुरकुरली, बोटभर मागे सरली, आणखी बोटभर सरली, आणि पोटात पुन्हा 'कट्' वाजलं. रतिलालच्या हातातला दांडा लोण्यातून गेल्यासारखा 'पी'वरून 'डी'वर गेला.

त्यानं भोंगा दाबला. गडी दोन्ही बाजूंना उड्या मारून पळाले, बापूंच्या ड्रायव्हरनं जीप कशीबशी शेतात घातली, आणि ती लांबलचक मोटार टेकाडावरून उतरून नंदुरबारच्या वाटेला धुरळा उडवत निघून गेली. मला घ्यायचं रतिलाल विसरला. दही पडलेलं असल्यामुळे परत येणंही शक्य नव्हतं.

बापू माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि धुरळा खाली बसेपर्यंत पाहत राहिले.

"मास्तर, खरं सांगा. आम्ही ढकली म्हनीसन सुटनी ना ती?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी आपल्या गड्यांकडे पाहिलं. गडी जमिनीकडे पाहू लागले. "मंग हाई गोट आठेच ऱ्हावू द्या," बापू म्हणाले, आणि नारळ न फोडताच जीपमध्ये बसले. दिवस मावळायच्या आत ती गोष्ट तापीच्या दोन्ही काठांवर पोचली होती.

मायचं दार

कचेरीचं दार लावत असतानाच रतिलाल पोचला, आणि त्यानं आधी पाय आत घातला, मग अर्ज. तो डावा पाय होता असं त्यानं मला अभिमानानं सांगितलं.

मी रजा वाढवली. थोड्याच दिवसांत, सकाळच्या उन्हात आम्ही ओट्यावर बसलो असताना, समोरून बापू आले. जीप गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आले. उंबऱ्यापाशी थांबले, टोपी सारखी केली. त्यांना हे काम नवीन होतं, ते दिसत होतं. हात जोडायचे की नुसतं राम राम म्हणायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. शेवटी जोडले.

माय डोक्यावरचा पदर पुढे ओढून बाहेर आली. चहा ठेवला. बापूंनी बशीत ओतून फुंकर घातली, आणि कपाशीकडून, पावसाकडून, पोराबाळांकडून फिरत फिरत मतावर आले. रतिलालचा चेहरा फुलला होता. शब्द पाळला होता त्यानं. माझेही डोळे भरून आले, आणि या खेपेला मिरची कुठं नव्हती.

मायनं रिकामी बशी उचलली.

"बापू, तुम्हना माणसंनी ढकली म्हनीसन मन्हा पोऱ्या टाइमवर पोची गया. नहीते तुम्ही मन्हा दारवर कसाले येतात? मन्हं मत तुमलेच."

"माय!" रतिलाल ओरडला.

"तू त्यासले दारवर आणं, तुन्हं काम व्हयनं," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मन्हं मत कोनले, ते मी देखसू."

निकाल लागला तेव्हा मी पुण्याला परतलो होतो. रतिलाल पडला, आणि चांगला दणकून पडला. बापू मात्र गावोगाव उंबरे झिजवून दमले, असं कळलं. इतक्या लोकांनी आपल्याला मत दिलं नाही याचं रतिलालला काही वाटत नाही. एक मत मात्र अजून टोचतं. दर थंडीत तो त्या मताच्या हातची कळण्याची भाकरी खायला गावी जातो, दारापुढच्या सपाट अंगणात मोटार उभी करतो, माय ओट्यावरून पाहत असते म्हणून आधी हँडब्रेक लावतो, आणि मगच 'पी'.